दोन अधिसूचनांच्या मधले जंगल

ओडिशा सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये सिमिलीपाल हे राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले, तेव्हा वन्यजीवांची बऱ्यापैकी माहिती असलेली मंडळीही चक्रावली. सिमिलीपाल तर कधीपासून राष्ट्रीय उद्यान म्हणूनच ठाऊक. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचे नाव होते. अंगावरचे पट्टे एकमेकांत मिसळून जवळजवळ काळे दिसणारे वाघ तिथलेच. मग पुन्हा जाहीर काय केले? उत्तर दप्तरात सापडते. १९८० मध्ये निघाली होती ती राष्ट्रीय उद्यान करण्याच्या इराद्याची अधिसूचना. ८४५.७० चौरस किलोमीटर क्षेत्राची अंतिम अधिसूचना निघायला पंचेचाळीस वर्षे जावी लागली. दरम्यान सिमिलीपाल नकाशांत होते, पर्यटनाच्या पत्रकांत होते, स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतही होते. बारसे थाटात व्हावे आणि जन्मदाखला नातवंडांच्या मुंजीच्या वेळी हाती पडावा, तसा हा प्रकार.

सिमिलीपालला अपवाद समजण्याचे कारण नाही. भारतातले राष्ट्रीय उद्यान कायद्यानेच दोनदा जाहीर व्हावे लागते, आणि या दोन जाहीरनाम्यांच्या मधल्या काळात त्याचा खरा इतिहास घडतो, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. गाव उठते ते याच काळात. चराई बंद होते, धरणासाठी तुकडा कापून दिला जातो, कोर्टात याचिका पडते आणि एखादा वनरक्षक रात्री संरक्षण कुटीच्या दाराला आतून कडी घालून झोपतो, तेही बहुतेक वेळा याच काळात.

मराठी वाचक जंगलात शिरला तो साहित्याच्या वाटेने. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी त्याला पानगळ, पाणवठा, रानातली चाहूल शिकवली. चितमपल्ली तर स्वतः वनखात्यातले अधिकारी. पण या वाटेने आलेल्या वाचकाला जंगलामागची फाइल क्वचितच दिसली. गंमत अशी की मराठी वाचकाचे सर्वांत लाडके जंगल, नागझिरा, कधीच राष्ट्रीय उद्यान नव्हते. ते अभयारण्य आहे. शेजारच्या नवेगावला १९७५ मध्ये उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१३ मध्ये दोघे मिळून व्याघ्र प्रकल्प झाले. नवेगावच्या तळ्यावर किंवा नागझिऱ्याच्या पिटेझरीत उभे राहून हा फरक दिसणार नाही. तो दिसतो गुराख्याला.

फरक साधाच आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ३५ नुसार राज्य सरकार आधी इरादा जाहीर करते. मग जिल्हाधिकाऱ्याने आतल्या प्रत्येक हक्काची चौकशी करायची. कोणाची गुरे कोणत्या नाल्यापर्यंत चरतात, मोहफुले कोण वेचतो, तळ्यात कोणत्या ढिवरांची मासेमारी चालते, टेकडीवरच्या देवाच्या जत्रेला लोक कोणत्या वाटेने जातात, हे सगळे ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि निवाडा द्यायचा. अभयारण्य असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने तो काही हक्क पुढे चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानात ती मुभा नाही. तिथे सर्व हक्क शासनाकडे आले पाहिजेत, म्हणजे एकतर त्या माणसाने भरपाई घेऊन ते सोडले पाहिजेत किंवा ते नामंजूर झाले पाहिजेत. त्यानंतरच दुसरी, अंतिम अधिसूचना. गुरे चारायला तर तिथे थेट बंदी.

हे काम वर्षानुवर्षे रेंगाळते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राज्यांना ते वर्षभरात उरकायला सांगितले. कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याला दोन वर्षांची मुदत घातली, पण शेजारी ‘शक्यतो’ या अर्थाची पळवाटही ठेवली. महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही त्या पळवाटेचे पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर निवडणूक असते, दुष्काळ असतो, भूसंपादन असते. जंगलातल्या चाळीस घरांचे दावे कोणाच्या वार्षिक गोपनीय अहवालात चमकणार?

राखीव वनांच्या बाबतीत तर ही चौकशी इंग्रजी अमदानीतच होऊन गेली असे मानून पुढे जाण्याची वहिवाट पडली. म्हणून मागे जावे लागते. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले. पहिला महानिरीक्षक दीत्रिश ब्रांडिस, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ, ब्रह्मदेशातल्या सागवानाचा जाणकार. खात्याला हवे होते रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड. १८६५ चा वन कायदा अपुरा वाटला म्हणून १८७८ चा आला, आणि त्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी प्रतवारी केली. राखीव वनात जे स्पष्टपणे दिले नाही ते सारे मना. तेव्हा वनजमाबंदी अधिकाऱ्यापुढे जाऊन आपला हक्क नोंदवायचा असतो हे किती गोंड, कोरकू किंवा बैगा कुटुंबांना कळले असेल? न नोंदलेला हक्क संपला. आज ज्यांना आपण आपली थोर उद्याने म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी राखीव वनाचीच हद्द उद्यानाची हद्द झाली आहे. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन झाले आणि ती कल्पना जगभर गेली, हे प्रत्येक पुस्तकात असते. आपल्याकडे ती कल्पना आली तेव्हा खाली आधीच सत्तर वर्षांचे लाकूडखाते आणि त्याच्या नकाशांचे गठ्ठे अंथरलेले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

पहिले उद्यान झाले ८ ऑगस्ट १९३६ रोजी, संयुक्त प्रांतात. आदल्या वर्षी प्रांताने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. गव्हर्नर माल्कम हेली यांचे नाव त्याला दिले गेले. हद्द ठरवताना जिम कॉर्बेटचा सल्ला होता. स्वातंत्र्यानंतर ते रामगंगा उद्यान झाले आणि कॉर्बेटच्या मृत्यूनंतर कॉर्बेट उद्यान. नावे बदलणे सोपे. पुढे कालागढच्या धरणाने त्याच रामगंगेच्या काठची गवताळ मैदाने पाण्याखाली घेतली. ज्या नदीचे नाव उद्यानाने काही काळ मिरवले, तिनेच, म्हणजे तिच्यावरच्या बांधाने, उद्यानाचा लचका तोडला.

मुंबई राज्याने १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. बोरिवलीच्या उद्यानाची मुळे त्यात आहेत. तुळशी आणि विहार तलावांचे पाणलोट राखायचे म्हणून ते जंगल महापालिकेने आधीपासून सांभाळले होते, आणि कान्हेरीची लेणी त्याच्या पोटात होती. मध्य प्रदेशाने १९५५ मध्ये आपला कायदा केला आणि त्याखाली कान्हा व ताडोबा ही उद्याने झाली. ताडोबाला महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणतात, पण ते जाहीर झाले त्या वर्षी विदर्भ मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि महाराष्ट्र राज्य व्हायला पाच वर्षे होती.

ताडोबाच्या मूळ क्षेत्रफळाचा आकडा पाहा: ११६.५५ चौरस किलोमीटर. कॉर्बेटचा मूळ आकडा ३२३.७५. दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत नेमके असलेले हे आकडे पाहून कोणाला वाटेल, साखळी टाकून इंचाइंचाने मोजणी झाली असणार. २.५९ ने भागून बघा. ताडोबा बरोबर ४५ चौरस मैल, कॉर्बेट बरोबर १२५. म्हणजे कोणीतरी नकाशावर गोल आकडा धरला, नाले आणि डोंगरांच्या धारा पकडून रेघ फिरवली, आणि पुढे मेट्रिक पद्धत आल्यावर कारकुनाने गुणाकार केला. त्या रेघेच्या आतबाहेर काय होते, हा प्रश्न मैलांच्या वेळी कोणी फारसा विचारला नव्हता. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू या गोंड देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मेलेल्या गावप्रमुखाचा तो देव झाला अशी कथा आहे. पौषात तिथे जत्रा भरत असे. देवळाचे ठिकाण रेघेच्या आत गेले, भाविक बाहेर राहिले.

साठीच्या दशकापर्यंत ही उद्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि बाहेर शिकारीचे परवाने रीतसर मिळत होते. शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना वाघ मिळवून देण्याच्या जाहिराती करत. १९६९ मध्ये दिल्लीला निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सभा भरली, तिथे वाघाची चिंता चव्हाट्यावर आली आणि त्यानंतर वाघाची शिकार बंद झाली. पुढची तीन-चार वर्षे विलक्षण वेगाची आहेत. जंगल आणि वन्यप्राणी हे विषय तेव्हा राज्यांच्या सूचीत होते. त्यामुळे संसदेला थेट कायदा करता येईना. राज्यांच्या विधानमंडळांकडून ठराव करवून घेऊन, घटनेच्या कलम २५२ चा आधार घेत, १९७२ चा कायदा झाला. मसुद्यामागे एम. के. रणजितसिंह हे आयएएस अधिकारी होते, आणि पाठीशी पंतप्रधान इंदिरा गांधी. १ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली. कैलास सांखला त्याचे पहिले संचालक. आपला मेळघाट पहिल्या नऊंमध्ये होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी समवर्ती सूचीत गेले. आणीबाणीच्या खात्यावर जमा करावी अशी ही एक गोष्ट, जमाखर्च मांडताना विसरली जाते.

या दशकात उद्यानांची संख्या भराभर वाढली, आणि त्याबरोबर इरादा व अंतिम यांमधल्या दऱ्याही. दोन जागांची हकिकत इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण पुस्तकातल्या पुढच्या प्रकरणांचा सूर त्यांवर बेतला आहे.

पहिली भरतपूर. केवलादेव हे निसर्गाने केलेले तळे नाही. अठराव्या शतकात राजा सूरजमलने अजान बांध घातला, आणि पुढे संस्थानाने बांध-दारे बांधून शिकारीसाठी उथळ पाणी राखले. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मानार्थ झालेल्या एका शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे आणि पर्यटक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. १९८१ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. कायद्याप्रमाणे चराई बंद व्हायला हवी होती, पण आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात उतरत आल्या होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये भिंतीच्या आतली चराई थांबवली गेली, गावकरी चालून आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. चराई थांबवावी असा आग्रह धरणाऱ्यांत सालीम अली होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला दीर्घ अभ्यास त्याच सुमारास चालू होता. त्या अभ्यासातून पुढे जे बाहेर आले ते सोसायटीच्या आधीच्या मताच्या विरुद्ध होते. म्हशी गेल्यावर पाण्यातले पॅस्पॅलम गवत माजले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले, आणि बदकांना, पाणपक्ष्यांना पोहायला व चरायला जागा कमी झाली. म्हशी ते गवत खाऊन, तुडवून आटोक्यात ठेवत होत्या. मग गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली. म्हणजे जे काम म्हशी फुकट करत, ते विळ्याने सुरू झाले. अभ्यासकांनी आपला निष्कर्ष उघडपणे मांडला याबद्दल त्यांचा मान ठेवायलाच हवा. पण कायद्याच्या कलमात म्हशीला परत आणायची जागाच नव्हती. सायबेरियातून येणारे क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तिथे दिसले नाहीत. त्याची कारणे वाटेवरच्या अफगाणिस्तानापर्यंत पसरलेली आहेत. ती सगळी म्हशींच्या नावावर घालू नयेत, आणि गवताच्या नावावरही.

दुसरी जागा कुनो. मध्य प्रदेशातल्या या अभयारण्यातली २४ गावे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत बाहेर काढली गेली. बहुतेक माणसे सहरिया आदिवासी. कारण असे की आशियाई सिंह साऱ्या जगात फक्त गीरमध्ये उरला होता. एखादा रोग आला तर सगळाच संपेल, म्हणून त्याचे दुसरे घर कुनोत करायचे. गावे उठली, शेतांची कुरणे झाली, सिंह मात्र आले नाहीत. गुजरात द्यायला तयार होईना. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह हलवण्याचा आदेश दिला. तरीही आले नाहीत. २०१८ मध्ये कुनोला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १७ सप्टेंबर २०२२ ला तिथे पिंजऱ्यांतून उतरले ते नामिबियातले आठ चित्ते. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. चित्त्यांबद्दल बरेच लिहिले गेले आहे, मला त्यात भर घालायची नाही. मला अडते ते इथे: सहरियांनी आपली घरे ज्या कारणासाठी सोडली ते कारणच घडले नाही, आणि आपल्या प्रशासनात ही गोष्ट नोंदवायला एकही रकाना नाही. स्थलांतराच्या फाइलीवर शेरा पडतो तो ‘पूर्ण’ असा.

याची उलट बाजूही तितकीच खरी. कान्हात १९७० मध्ये बारशिंगे अवघे ६६ उरले होते. सौंफ नावाचे गाव हलले, त्याच्या शेतांचे मोकळे गवताळ मैदान झाले आणि बारशिंग्यांना पिल्ले लपवायला उंच गवत मिळाले. आज ती जात वाचली आहे. माणसे उठवल्याने जंगलाचे काहीच भले होत नाही असे म्हणणाऱ्याने सौंफचे मैदान बघून यावे, आणि प्रत्येक वेळी भलेच होते म्हणणाऱ्याने भरतपूर. या पुस्तकात दोन्ही बाजूंना आपापले आवडते उदाहरण सापडेल. न आवडते वगळून वाचू नये एवढी विनंती.

आता कारभाराकडे. जंगल राज्याचे, कायदा केंद्राचा, पैसा दोघांचा, अशी ही तीन पायांची शर्यत आहे. उद्यानाच्या हद्दीत फेरफार करायचा तर पूर्वी राज्याच्या विधानमंडळाचा ठराव लागे. आता राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. पण पूर्ण मंडळाची बैठक २०१२ नंतर थेट २०२५ च्या मार्चमध्ये, गीरजवळ सासण इथे झाली. मधल्या काळात रस्ते, रेल्वे, वाहिन्या, खाणी यांचे प्रस्ताव स्थायी समितीने हातावेगळे केले. गोव्यातले मोले हे त्याचे जवळचे उदाहरण. १०७ चौरस किलोमीटरचे ते राष्ट्रीय उद्यान १९७८ मध्ये भगवान महावीर अभयारण्यातून वेगळे काढले. २०२० च्या टाळेबंदीत, दूरसंवादावर झालेल्या बैठकीत, त्या परिसरातून जाणाऱ्या प्रकल्पांना हिरवा कंदील मिळाला. गोवेकर रस्त्यावर आले, रात्री रुळांवर मेणबत्त्या लागल्या, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्ग दुहेरी करण्याला दिलेली मंडळाची मान्यता रद्द केली.

न्यायालये या कारभाराचा चौथा पाय झाली आहेत. १९९६ च्या डिसेंबरमध्ये गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वन म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे जे वन ते, मग मालकी कोणाचीही असो, असे ठरवले. २००० मध्ये उद्याने आणि अभयारण्यांतून वाळलेले लाकूड, गवत काढायलाही बंदी घातली. बोरिवलीच्या उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला आणि हजारो झोपड्या पडल्या. त्याच उद्यानातल्या वारली पाड्यांचा प्रश्न मात्र निराळा. ते उद्यानाच्या आधीपासून तिथे आहेत. एकाच आदेशाच्या कागदावर दोघांची गणना झाली की काय होते, याचे एक वेगळे प्रकरण आत आहे.

२००४-०५ मध्ये सरिस्कातले सगळे वाघ संपल्याचे उघड झाले. कागदावर ते होते. ठशांवरून केलेल्या गणनेत दर वर्षी बरे आकडे येत होते. मग कृती दल नेमले गेले, सुनीता नारायण अध्यक्ष, आणि त्यातून २००६ ची दुरुस्ती आली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण झाले, गाभा आणि बफर यांना कायद्याचा आधार मिळाला, आणि ठशांची जागा कॅमेरा ट्रॅपने घेतली. नव्या पद्धतीने पहिल्याच अंदाजात देशात १,४११ वाघ निघाले. २०२२ चा सरासरी अंदाज ३,६८२ आहे. योगायोग असा की त्याच २००६ मध्ये वनहक्क कायदाही आला. एका कायद्याने वाघासाठी माणसांविना जागा मागितली, दुसऱ्याने आदिवासींना तीच जागा न देण्याचा किंवा ग्रामसभेच्या संमतीनेच देण्याचा हक्क दिला. दोन्ही एकाच संसदेने केले आणि दोघांचा मेळ घालायचे काम पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन पडले. मेळघाटातून अकोट तालुक्यात वसवलेल्या काही कोरकू कुटुंबांनी २०१९ च्या जानेवारीत जुन्या गावांची वाट धरली आणि वनकर्मचाऱ्यांशी झटापट झाली, तेव्हा हे दोन्ही कायदे समोरासमोर उभे होते. चांदोलीचे अभयारण्यग्रस्त तर सांगली-कोल्हापूरच्या मोर्च्यांत दोन पिढ्या दिसताहेत.

या साऱ्याच्या तळाशी आहे वनरक्षक. वरून खाली येणारी साखळी लांब आहे: प्रधान मुख्य वनसंरक्षक, क्षेत्र संचालक, उपसंचालक, सहायक वनसंरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल, आणि मग नियतक्षेत्र सांभाळणारा वनरक्षक. त्याच्याहीखाली रोजंदारीचा वनमजूर, ज्याला सर्वांत जास्त रान कळते आणि ज्याचा पगार सर्वांत उशिरा येतो. थंडी सरताना जाळरेषा काढायची, पालापाचोळा ओढून कडेला जाळायचा. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतात, आणि या कामाचे अनुदान बरेचदा मार्चअखेरीस येते. तोपर्यंत उधारीवर माणसे लावायची. उन्हाळ्यात पाणवठ्यात पाणी टाकायचे आणि ते टाकताना कडेला ओल्या मातीत काय उमटले आहे ते बघायचे. पाण्यात कोणी युरिया कालवला आहे का तेही. बाहेरच्या गावात वाघाने गाय मारली की पंचनामा करायचा, मालकाच्या शिव्या खायच्या आणि भरपाईचा अर्ज त्यालाच भरून द्यायचा, कारण शिव्या देणाऱ्याला लिहिता येत नाही. गस्तीची नोंद आता मोबाइलवरच्या ॲपमध्ये होते. किती किलोमीटर चाललात ते नागपूरला बसून दिसते. ॲपमध्ये काठीची नोंद नाही. बहुतेकांच्या हातात तेवढेच असते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबात व्याघ्रगणनेचे सर्वेक्षण करत पायी चाललेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. त्या वाघिणीचे फोटो समाजमाध्यमांवर लाखोंनी बघितले होते, तिला नाव होते, चाहते होते.

पर्यटनाचा पैसा कुठे जातो हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचे प्रतिष्ठान स्थापायची सोय केली, त्यामुळे प्रवेशद्वाराचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता प्रकल्पातच राहू शकतो. ताडोबात त्यातून कर्मचारी, वाहने, गावांतली कामे असा खर्च होतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही आठवडे बंद केले होते. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी गाभ्याच्या वीस टक्क्यांपर्यंतच पर्यटनाला वाव ठेवला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. तिच्यातून बफरमधल्या गावांना गॅस, कुंपण, शौचालये असे काही मिळते. गॅस आला की सरपणाला आत जाणे कमी होते, हे खरे. सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा आत जावे लागते, हेही खरे.

देशात आज शंभरावर राष्ट्रीय उद्याने आहेत आणि त्यांनी व्यापलेली जमीन देशाच्या भूभागाच्या दीड टक्क्याहूनही कमी आहे. सगळ्यांवर इथे लिहिलेले नाही. काझीरंगा सविस्तर आहे, कारण तिथे ब्रह्मपुत्रा दर पुरात हद्दच खाऊन टाकते आणि शासनाला पुन्हापुन्हा नवी भर घालावी लागते. मणिपूरचे कैबुल लामजाओही आहे, जिथे संगाई हरणे पाण्यावर तरंगणाऱ्या गवताच्या थरावर राहतात आणि इथाईच्या बंधाऱ्याने पाणी स्थिर ठेवल्यामुळे तो थर पातळ होतो आहे. नंदादेवी थोडक्यात येते. महाराष्ट्रातली सहाही उद्याने घेतली आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवली आणि चांदोली. पेंचचे प्रकरण छोटे आहे, कारण मध्य प्रदेशाच्या बाजूचा पेंच वेगळ्या प्रकरणात येतो आणि तेच ते दोनदा सांगण्यात अर्थ नव्हता.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत. प्रत्येकाच्या सुरुवातीला हद्दीचे वर्णन अधिसूचनेच्या भाषेत दिले आहे. ते रूक्ष आहे, पण शेजारी नकाशा ठेवून एकदा तरी वाचावे. क्षेत्रफळाचे आकडे जिथे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे दोन्ही दिले आहेत, आणि कोणता आकडा कोणत्या वर्षीच्या अधिसूचनेतला ते सांगितले आहे. सहलीला जाताना मात्र हे पुस्तक फारसे उपयोगाचे नाही. प्रवेशशुल्क, जिप्सीचे दर, गेट उघडण्याच्या वेळा यांपैकी काहीही यात नाही, कारण ते दर हंगामाला बदलतात. त्यासाठी त्या त्या प्रकल्पाच्या कार्यालयात फोन करावा, आणि फोन उचलला गेला नाही तर गेटवरच्या माणसाला विचारावे.